घर-जमीन सल्ला: सह्या किती लागतील?

या खेपेस गोव्यातून आलेल्या पत्रांतून सात प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून गावे तेवढी ठेवली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकाच जागी येते: दर ठरतो, विसार दिला जातो, आणि मग कळते की ज्याच्याशी बोलणी झाली त्याच्या एकट्याच्या सहीने काम होणार नाही.

प्रश्न: आमचे चिरेबंदी घर आणि त्याभोवतीची सुमारे ९०० चौरस मीटर जागा वडिलांच्या नावे आहे. वडील २०१८ मध्ये वारले. आई हयात आहे. आम्ही दोन भाऊ आणि दोन बहिणी, चौघेही विवाहित. घर विकण्यास कोणाचीच हरकत नाही आणि गिऱ्हाईकही मिळाले आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की प्रतिज्ञापत्र करून आईने आणि आम्ही दोघा भावांनी सह्या केल्या की पुरे, बहिणींची लग्ने होऊन वीस वर्षे उलटली आहेत. हे बरोबर आहे काय? (एक वाचक, म्हार्दोळ)

उत्तर: मुळीच नाही. आपल्या व्यवहारात तीन नव्हे, नऊ सह्या लागतील.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली व्यवस्था अशी की विवाहापूर्वी वेगळा करार करून नोंदविला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते, आणि त्यात वारशाने आलेली मालमत्ताही धरली जाते. त्यामुळे आपले वडील हयात असतानाच, कागदावर नाव फक्त त्यांचे असले तरी, निम्मे घर आपल्या आईचे होते. वडिलांच्या पश्चात वारशाला उघडा झाला तो उरलेला निम्मा भाग. तो चार मुलांत समान वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एकूण घराचा आठवा हिस्सा येतो. मुलगी म्हणून हिस्सा कमी होत नाही, आणि लग्न झाले म्हणून संपतही नाही. आता पुढची पायरी, जी बहुतेक जण विसरतात: हा आठवा हिस्सा मुलाच्या किंवा मुलीच्या हाती येताच तो त्यांच्या जोडीदाराशी समाईक होतो. म्हणून आई, चार भावंडे, दोन सुना आणि दोन जावई, अशा नऊ सह्या.

काही वर्षांपूर्वी सासष्टीतील एका घराच्या खरेदीत खरेदीदाराच्या बाजूने कागद पाहण्याचे काम माझ्याकडे होते. उपनिबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर विक्रेत्या कुटुंबातली सात माणसे बसली होती, खरेदीदाराच्या पिशवीत बँकेच्या पे ऑर्डरी होत्या, अंगठ्यांचे ठसे घ्यायला नंबर लागलेला होता. आणि तेव्हा धाकट्या बहिणीने सहज सांगितले की आमचे हे तारवटी आहेत, बोट सध्या ब्राझीलकडे आहे. त्यांचे मुखत्यारपत्र कोणी घेतलेले नव्हते. बहिणीच्या विवाह नोंदीचा उतारा आधी मागविला असता तर हे मला महिनाभर अगोदर कळले असते. तो मागवायचे माझ्याकडूनच राहिले. खरेदीखत चार महिन्यांनी झाले आणि तोवर खरेदीदाराच्या गृहकर्जाच्या मंजुरीची मुदत संपून ती सारी प्रक्रिया नव्याने करावी लागली. तेव्हापासून मी जमिनीच्या उताऱ्याच्याही आधी विवाहाचा उतारा मागतो.

आपल्याकडे एकमत आहे हे भाग्यच समजावे, कारण त्यामुळे मार्ग सोपा होतो. २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून अंमलात आहे. त्यानुसार विशेष नोटरीसमोर वारस कोण हे ठरविणारा दस्त करून घ्यावा. जुनी मंडळी यालाच हबिलितासांव म्हणतात. साधे प्रतिज्ञापत्र या दस्ताची जागा घेऊ शकत नाही. मात्र हा दस्त वारस कोण एवढेच सांगतो, कोणती खोली कोणाची हे सांगत नाही. तो हाती आल्यावर नऊही जणांनी एकत्र खरेदीखत करून दिले की व्यवहार पूर्ण होतो. एकमत नसते तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी करावी लागली असती. तेथे मालमत्तेची यादी होते, हिस्से पडतात, आणि एखाद्या मालमत्तेवर दोघांचा डोळा असेल तर वारसांतच बोली लागते. ज्याची बोली उंच, तो मालमत्ता घेतो आणि इतरांचे हिस्से पैशांत चुकते करतो. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची पुण्या-मुंबईतील सदनिकाही याच वारसा व्यवस्थेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वडिलांचे गोव्याबाहेर काही असेल तर तेही याच वेळी विचारात घ्यावे.

एखाद्या बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने तसे विशेष नोटरीसमोर, पतीच्या संमतीने आणि संपूर्ण वारशाबाबत लिहून द्यावे लागते. घरातला हिस्सा सोडते पण बागायतीतला ठेवते, असे चालत नाही.

कराविषयी दोनच गोष्टी. समाईक मालमत्तेच्या व्यवस्थेतील पती-पत्नींचा भांडवली नफा आयकर कायद्यानुसार दोघांत निम्मा-निम्मा विभागला जातो, त्यामुळे नऊही जणांची पॅन कार्डे लागतील आणि विवरणपत्रेही वेगवेगळी भरावी लागतील. दुसरे, घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या तारखेचे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घर पाडले जाण्यापूर्वी घ्यावा, नंतर तो कोणी देणार नाही.

प्रश्न: बार्देशात ४०० चौरस मीटरचा भूखंड पाहिला आहे. दलालाने नमुना एक व चौदाचा उतारा दाखविला, त्यावर विक्रेत्याचे नाव आहे. मालकी स्वच्छ आहे असे तो म्हणतो. आणखी काय पाहावे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: तो उतारा पुन्हा हातात घ्या आणि ज्या रकान्यात विक्रेत्याचे नाव आहे त्याचे शीर्षक वाचा. तेथे ‘कब्जेदाराचे नांव’ असे छापलेले आहे, ‘मालकाचे’ असे नाही. हा उतारा महसुली नोंद आहे. त्यातील नोंद बरोबर असल्याचे गृहीत धरले जाते, पण मालकी त्यातून निर्माण होत नाही.

तरीही हा एक कागद नीट वाचला तर बरेच काही सांगतो. वरच्या भागात क्षेत्राची विभागणी असते: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड, आणि त्यानंतर पोटखराब. आपल्या भूखंडाचे क्षेत्र ‘तरी’ म्हणजे भातशेतीखाली दाखविले असेल तर तेथेच थांबा. २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला हस्तांतरित करण्यावर बंदी घातली आहे. खाली ‘कुळाचे नांव’ हा रकाना पाहा. तेथे नाव असेल, अगदी पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचे असले तरी, त्याच्या वारसांचा हक्क जिवंत असू शकतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचे (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्याचे) घर, विहिरीचे पाणी, वहिवाटीची वाट, बँकेचा बोजा यांच्या नोंदी सापडतात. कब्जेदाराच्या नावापुढचा फेरफार क्रमांक टिपून घ्या आणि त्या फेरफाराची प्रत मागवा. नाव कशाच्या आधारे चढले हे तेथे कळते. हा रकाना रिकामा असेल तर नाव सर्वेक्षणाच्या वेळेपासूनचे आहे असा साधारण अर्थ होतो, आणि मग त्याआधीचे दस्त शोधावे लागतात.

त्याआधीचे दस्त म्हणजे पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणीतील वर्णन आणि नोंद यांचे दाखले, महसुलातील माट्रीझ (जुन्या कर-नोंदवहीतील) क्रमांक, आणि जुनी विक्रीपत्रे किंवा इन्व्हेंटरीचे वाटप. वर्णनातील चतुःसीमा आजच्या सर्वेक्षण क्रमांकाशी जुळतात काय हे पोर्तुगीज वाचता येणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावे. दाखले विक्रेत्याने दिलेले चालवून घेऊ नयेत. मूळ नोंदवहीतून प्रमाणित प्रत स्वतः अर्ज करून मिळवावी. बनावट जुन्या दस्तांच्या आधारे, विशेषतः परदेशी गेलेल्या आणि निर्वंश झालेल्या कुटुंबांच्या, जमिनी हडपल्याची इतकी प्रकरणे उघडकीस आली की २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि चौकशीसाठी एकसदस्यीय आयोगही बसवावा लागला. त्या प्रकरणांतही महसुली उताऱ्यांवर नवी नावे रीतसर चढलेलीच होती.

मालकीचा माग लागल्यावर नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्या. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जागा सेटलमेंट झोनमध्ये असली म्हणजे लगेच घर बांधता येते असे नाही, त्यासाठी जमीन महसूल संहितेखालील बिगरशेतीची सनद लागते. सनद असेल तर तिच्यासोबतचा नकाशा पाहा, कारण एका मोठ्या सर्वेक्षण क्रमांकातील तुकड्यालाच सनद असते आणि विकला जातो तो शेजारचा तुकडा, असेही घडते. झोन अलीकडेच नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली बदललेला असेल तर अधिक सावध राहावे. त्या कलमाखालील नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. दलाल अशा जागेची किंमत बदललेल्या झोनची सांगतो, धोका मात्र घेणाऱ्याच्या पदरात पडतो. जागा समुद्राजवळ किंवा भरती-ओहोटीच्या नदीकाठी असेल तर किनारी नियमन क्षेत्राची मर्यादाही पाहावी लागेल.

४०० चौरस मीटर हे मूळ क्रमांकाचे पूर्ण क्षेत्र आहे की त्यातून पाडलेला भूखंड? पाडलेला असेल तर भूखंड पाडण्यास नगर नियोजन खात्याची मंजुरी आहे काय, आणि भूखंडापर्यंतचा रस्ता नकाशावर रस्ता म्हणून दाखविला आहे काय, हे पाहा. शेजाऱ्याच्या माडांमधून आज गाडी जाते, म्हणून ती उद्याही जाईल असे नाही. जागा कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या सामुदायिक संस्थेची) असेल तर केवळ ताब्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर ती विकत घेऊ नये. घरपट्टी ही कर भरल्याची पावती आहे, आणि पंचायत ती अनधिकृत घरांकडूनही घेते.

एवढे झाल्यावर उपनिबंधकांकडून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी, ती इंग्रजीबरोबर मराठीतही. हरकत घेणारी आजी इंग्रजी दैनिक वाचत नसते.

प्रश्न: आम्ही दोघे वेर्णे औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहोत. मडगावजवळ एका नव्या इमारतीत दोन शयनगृहांची सदनिका पसंत केली आहे. बांधकाम सुरू आहे. किंमत ७० लाख, क्षेत्र १०५ चौरस मीटर सुपर बिल्ट-अप. बिल्डर १५ लाख भरून ‘बुकिंग’ करायला सांगतो, करार सावकाश करू म्हणतो. (एक वाचक दांपत्य, नुवे)

उत्तर: पंधरा लाख देऊ नका. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, घेता येत नाही. आपल्या बाबतीत ती मर्यादा सात लाख होते. जो पहिल्याच भेटीत कायदा वाकवून दाखवितो, त्याच्याशी पुढची दोन-तीन वर्षे आपल्याला काढायची आहेत हे ध्यानात घ्या.

आधी प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि गोवा रेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः उघडून पाहा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांचे लहान प्रकल्प सोडले तर नोंदणी सक्तीची आहे. तेथे जमिनीच्या मालकीचे कागद, मंजूर आराखडे, बांधकाम पूर्ण करण्याची तारीख आणि मंजुरीला मुदतवाढ घेतली असल्यास तीही दिसते. तोंडी सांगितलेल्या ताब्याच्या तारखेपेक्षा तेथे नोंदविलेली तारीख खरी धरावी. जमीन एकाची आणि विकासक दुसरा, अशी रचना गोव्यात फार आढळते. तेव्हा जमीनमालक आणि त्यांचे जोडीदार करारावर सही करणार आहेत की विकासकाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र दिलेले आहे, हे पाहा. सह्यांचा प्रश्न येथेही सुटत नाही.

१०५ चौरस मीटर ही संख्या विसरून जा. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, गच्ची, पहारेकऱ्याची खोली असे काहीही मोजले जाते. रेरा कायद्यात व्यवहार कार्पेट क्षेत्रावर होतो. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. करारात कार्पेटचा आकडा लिहून घ्या आणि सत्तर लाखांना त्या आकड्याने भागून जो दर येईल तोच शेजारच्या प्रकल्पाच्या दराशी ताडून पाहा.

बांधकाम सुरू असताना घेतलेल्या सदनिकेवर जीएसटी लागतो. साधारणतः तो ५ टक्के असतो. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या सदनिकेवर तो लागत नाही. आपल्याकडे ५ टक्के म्हणजे साडेतीन लाख होतात, आणि त्यावर मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क आहेच. घराचा हिशेब मांडताना बिल्डरच्या कागदावरच्या सत्तर लाखांना शेवटचा आकडा समजू नये.

भोगवटा दाखला पंचायतीकडून किंवा पालिकेकडून मिळाल्याशिवाय राहायला जाऊ नका, मग गणेश चतुर्थी नव्या घरात करायची कितीही हौस असो. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनेचा दोष दिसला तर तो विनामूल्य दुरुस्त करणे प्रवर्तकाला बंधनकारक आहे. तक्रार मात्र लेखी करा आणि तारखेसकट प्रत ठेवा.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ कुवेतमध्ये आहे. थोरल्याने लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि तो आता इंग्लंडमध्ये असतो. डिचोलीतील घर आणि थोडी बागायती विकायची आहे. दोघांनाही येता येणार नाही. (एक वाचक, डिचोली)

उत्तर: दोघांची स्थिती कायद्याच्या दृष्टीने सारखी नाही. कुवेतमधील भाऊ भारतीय नागरिक आहे, फक्त अनिवासी. थोरल्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले त्या क्षणी त्याचे भारतीय नागरिकत्व संपले, त्यामुळे त्याच्याकडे ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे काय हे प्रथम विचारा. नसेल तर व्यवहारापूर्वी ते मिळविण्याची खटपट करावी. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते, आणि ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. तेव्हा आपल्या बागायतीसाठी दुबईचे किंवा लंडनचे गिऱ्हाईक कितीही चांगला दर देत असले तरी ते सोडून द्यावे.

दोघांनीही मुखत्यारपत्र द्यावे, त्यांच्या पत्नींनीही. कुवेतमधील सही भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावी. कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. या मुदतीचा अनेकांना विसर पडतो. मुखत्यारपत्रात सर्वेक्षण क्रमांक, हिस्सा क्रमांक, घर क्रमांक आणि ‘विक्री करण्याचा, मोबदला स्वीकारण्याचा व दस्त नोंदविण्याचा अधिकार’ हे शब्द असावेत. ‘सर्व कामे पाहण्याचा अधिकार’ एवढ्याने उपनिबंधकांचे समाधान होत नाही.

कर कपातीचे गणितही वेगळे आहे. विक्रेता निवासी असेल आणि व्यवहार पन्नास लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार १ टक्का कापतो. ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरून मोजली जाते, त्यामुळे प्रत्येकाचा हिस्सा लहान आहे ही सबब आता चालत नाही. अनिवासी विक्रेत्याला पन्नास लाखांची सूट नाही आणि दरही १ टक्का नाही. त्याच्या हिश्श्यावर भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे दीर्घ मुदतीच्या मालमत्तेवर १२.५ टक्के अधिक अधिभार व उपकर, अशी कपात होते. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी आणला तर मोठी रक्कम अडकून पडत नाही. भावांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचे भारतातील रुपया खाते) जमा करावेत. तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंतची रक्कम बाहेर नेता येते.

प्रश्न: आम्ही तीन पिढ्या भाटकाराच्या जागेत मुंडकार म्हणून राहतो. पेडण्यात हल्ली जमिनीला दर आला आहे आणि परराज्यातील एक पार्टी आमच्या घराला चाळीस लाख द्यायला तयार आहे. आम्ही घर विकू शकतो काय? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: आजच्या स्थितीत नाही. १९७५ चा मुंडकार कायदा आपल्याला तेथून हुसकावले जाण्यापासून संरक्षण देतो आणि घर विकत घेण्याचा हक्क देतो, पण तो हक्क बजावेपर्यंत जमीन भाटकाराचीच आहे. म्हणून क्रम असा राहील. आधी मामलेदारांकडील मुंडकारांच्या नोंदवहीत आपले नाव आहे याची खात्री करावी. नसेल तर नोंदणीचा अर्ज करावा, सोबत जुनी घरपट्टी, वीजबिल, मतदारयादी, रेशन कार्ड, जे काही सापडेल ते जोडावे. त्यानंतर घर आणि त्याभोवतीची जागा, पंचायत क्षेत्रात साधारणतः ३०० आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा अर्ज करावा. मामलेदार किंमत ठरवितात, ती भरल्यावर दाखला मिळतो, आणि त्यावरून सर्वेक्षणात आपला वेगळा हिस्सा पाडून घेता येतो. आजोबांच्या नावची नोंद असेल तर वारस कोण हा प्रश्न येथेही येईल, आणि म्हार्दोळच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू पडेल.

चाळीस लाख देणारी पार्टी बहुधा ‘घराचा ताबा आणि हक्क सोडल्याचा’ नोटरी केलेला कागद मागेल. तो देऊ नका. आपण घर सोडून गेलात की मुंडकारपणाचा आधारच डळमळतो, आणि मग भाटकार व ती पार्टी यांच्या भांडणात आपण कोठेच उरत नाही. भाटकाराशी संबंध बरे असतील तर थेट बोलून पाहा. घरासभोवतीची जागा आपल्याला देऊन उरलेली मोकळी करून घेणे त्यांनाही सोयीचे असते, आणि संमतीने झालेला व्यवहार मामलेदार कचेरीतल्या तारखांपेक्षा बराच लवकर आटोपतो.

प्रश्न: खरेदीदार म्हणतो, कागदावर पंचावन्न लाख दाखवू, वीस लाख रोख देतो, दोघांचाही फायदा आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: त्याचा आज होईल, आपला नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि जेवढी रोख स्वीकारली तेवढाच दंड होऊ शकतो. दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नव्हे. शिवाय मुद्रांक शुल्कासाठी ठरविलेले मूल्य दाखविलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल तर कर त्या मूल्यावरच धरला जातो. पुढचे घर घेऊन आपल्याला भांडवली नफ्यावरील सूट घ्यायची असेल तर रोखीतले वीस लाख त्यात कोठून आणले म्हणून दाखविणार?

प्रश्न: जुने कौलारू घर विकत घ्यायचे आहे. केव्हा पाहायला जावे? (एक वाचक, पणजी)

उत्तर: जुलैत, पाऊस सलग चार दिवस पडून झाल्यावर, आणि दलालाने दिवे लावून खिडक्या उघडून ठेवण्याच्या आत. डिसेंबरात सगळीच घरे सुंदर दिसतात. आत गेल्यावर भिंतीचा खालचा हातभर भाग पाहा: नवा रंग तेवढ्याच उंचीवर दिला असेल तर चिऱ्यातून ओल चढते आहे. वाशांची टोके, जेथे ते भिंतीत शिरतात तेथे, चावीने टोचून पाहा; वाळवी आधी तेथून लागते. विहिरीचे पाणी मेमध्ये किती खाली जाते हे मात्र जुलैत कळत नाही, ते शेजारणीला विचारा. त्याच बोलण्यात या घरातली मुले कोण, मुली कोणाकडे दिल्या आणि जावई कोठे असतात, हेही विचारून घ्या.